सात नंबरच्या खाटेची माफी

"जगात दोन गोष्टी परत येत नाहीत," इंजेक्शनबाईंनी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला बजावलं. "गेलेला प्राण आणि टाकलेली पोस्ट."

साठ जणांच्या वर्गाने वाक्य वहीत उतरवलं. मागच्या बाकावरून ते स्टेटसलाही लागलं.

बाईंची जीभ टोचायची, म्हणून मुलांनी ठेवलेलं हे नाव. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. आज विषय होता ऑनलाइन वागणूक, आणि बकरा तयार होता. पहिल्या बाकावरच्या मुलीने नव्या गणवेशाच्या आनंदात वॉर्डात सेल्फी काढून ऑनलाइन चढवला होता. चेहरा छान आला होता. मागचा रुग्णांच्या नोंदीचा फळाही छान आला होता: खाट, नाव, आजार. तासाभरात, अकरा जणांनी पाहिल्यावर, तिने फोटो पुसला, पण तोवर बाईंनी तो जपून ठेवला होता. शिक्षाही ठरवली होती: महिनाभर वॉर्डबंदी. म्हणजे हजेरी बुडणार, म्हणजे वर्ष बुडणार. पोरीचे डोळे सकाळपासून सुजलेले.

बाईंनी प्रोजेक्टर लावला. मुलीची अब्रू राखायला तिच्या चेहऱ्यावर काळी पट्टी होती. मग त्यांनी फळा मोठा केला. आणखी मोठा केला. सात नंबरच्या आजोबांची मूळव्याध नावानिशी भिंतभर पसरली.

बाईंनी विचारलं, यातून कोणाचं गुपित फुटलं?

मुलगीच उभी राहिली. वर्ष बुडणारच होतं, मग पाण्याला काय भ्यायचं?

"आजोबांचं, बाई. माझ्यामुळे अकरा जणांना कळलं. आता साठ जणांना."

बाईंनी भिंतीकडे पाहिलं. दूध उतू जाताना गॅस बंद करावा तसा त्यांनी प्रोजेक्टर बंद केला.

तीस वर्षं त्यांनी एकच घोकून घेतलं होतं: चूक झाली की नोंदीचा कागद चुकणाऱ्यानेच भरायचा आणि रुग्णाला स्वतः जाऊन सांगायचं. असे कागद त्यांनी ढिगाने भरून घेतले होते. आज 'चूक करणाऱ्याचे नाव' या रकान्यापाशी पेन बराच वेळ रेंगाळलं. शेवटी दोन नावं लिहिली, वर स्वतःचं. वॉर्डबंदीचा निकाल आजोबांवर सोपवला.

आजोबांनी व्याह्यांना गुडघ्याचं ऑपरेशन सांगितलं होतं, हे अख्ख्या वॉर्डाला माहीत होतं. त्यामुळे घाव वर्मी बसणार, याची दोघींना खात्री होती.

खाटेपाशी उभं राहून बाईंनी आधी आपला गुन्हा सांगितला, मग मुलीचा. रुग्णाची प्रतिष्ठा, विश्वास, पेशाची शपथ, काही म्हणता काही सोडलं नाही. आजोबांचा चेहरा आक्रसत गेला. कपाळावर घाम आला.

"तेव्हा हिने या वॉर्डात राहावं की नाही," बाई म्हणाल्या, "हे आता तुम्हीच..."

"राहू दे हो तिला," आजोबा कसेबसे म्हणाले. "मघापासून बेल दाबतोय. ती तरी पळत जाऊन भांडं आणेल. आणि बाई, तुम्ही तेवढा पडदा ओढा."