वाकेशोचे तीन गुण

शिक्षण कार्यालयाच्या भिंतीवर शाळांच्या सरासरीचा तक्ता टांगून बसलेले साहेब, तुम्ही चोर आहात. पोरींचे विषय चोरता, आणि वर त्यांच्याकडूनच लिहून घेता की आम्ही राजीखुशीने सोडले. तुमचा हात कुठे दिसत नाही, कारण त्या कामाला किसोंबेसारख्यांचे हात असतात.

किसोंबे तैता डोंगरातल्या मुलींच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचा. दुसऱ्या वर्षाची परीक्षा नुकतीच झाली होती. शाळेचा रिवाज असा, की चाळीसच्या खाली गुण पडले तर त्या मुलीने भौतिकशास्त्र सोडून गृहविज्ञान घ्यायचं. म्हणजे अखेरच्या परीक्षेत सरासरी घसरत नाही. यादी सकाळीच मुख्याध्यापिकेकडे गेली होती. त्यात वाकेशो होती. गुण अडतीस.

दुपारी चहा पिता पिता, मुलींना दाखवून परत घेतलेल्या पेपरांचा गठ्ठा बांधताना किसोंबेने तिचा पेपर सहज उघडला. प्रश्न नववा : दोन दिवे एकाच बॅटरीला वेगवेगळ्या तारांनी जोडलेत, एक काढला तर दुसऱ्याचं काय होईल? साऱ्या वर्गाने लिहिलं होतं, उजेड वाढेल. वसतिगृहातल्या मुली पहाटे पाचला उठून जुन्या उत्तरांचा कागद घोकायच्या, त्यात तसंच होतं. तो कागद किसोंबेनेच वाटलेला. वाकेशो घरचं पाणी भरून, तासभर डोंगर उतरून यायची. तिला कुठली पहाटेची घोकंपट्टी? तिने लिहिलं होतं, ‘तेवढाच राहतो. घरी करून पाहिलंय.’

पोरीचं बरोबर होतं. कागद चुकला होता.

तीन गुण. अडतीसचे एक्केचाळीस. पण मग साऱ्या वर्गाचे तीन-तीन कापायला हवेत, आणि इतकी वर्षं आपण चुकीचं घोकून घेतलं हे चारचौघांत कबूल करायला हवं. किसोंबेने पेपर कपाटात टाकला आणि कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी वाकेशो विषय सोडायचा फॉर्म घेऊन समोर उभी राहिली.

“सर, नवव्याला फुली का?”

“कागदात बघ की.”

“बघितलं. पण दिव्याला कुठे कागद वाचता येतो?”

मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं.

“फार शहाणी झालीस! सही कर. गृहविज्ञानात पहिली येशील.”

“मला तारा जोडायच्यात, सर. केक नाही भाजायचे.”

“अगं, तुझ्याच भल्याचं सांगतोय!”

तिने सही केली. ‘मी स्वखुशीने…’ हे शब्द आधीच छापलेले होते.

दोन वर्षांनी निकाल लागला. शाळा जिल्ह्यात दुसरी! आवारात बोकड कापला, पुलाव शिजला, किसोंबेच्या खांद्यावर मानाची घोंगडी पडली. इतिहासाचे म्लांबा ताट पुढे करत म्हणाले, “घ्या हो किसोंबे! यंदा शाळेत नापास झाला तो एवढा बोकडच!”

घास तोंडाशी नेताना किसोंबेला फाटकाशी वाकेशो आणि तिची आई दिसल्या. तो उठून गेला. वाकेशो गृहविज्ञानात खरंच पहिली आली होती. पण वीजकामाच्या तंत्रशाळेने अर्ज परत पाठवला होता. भौतिकशास्त्राच्या रकान्यात नुसती आडवी रेघ.

“गुरुजी, पोर नापास झाली का माझी?” आईने विचारलं.

“नाही हो बाई.”

“मग परत का धाडली?”

तेवढ्यात वाकेशोने हळूच विचारलं, “सर, नवव्याचं खरं उत्तर काय होतं?”

“तुझं.”

“तेव्हा ठाऊक होतं तुम्हाला?”

“होतं.”

आईने शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तिने त्याच्या खांद्यावरच्या घोंगडीकडे पाहिलं आणि मान फिरवली.

किसोंबे माघारी आला. घोंगडी मुख्याध्यापिकेच्या खुर्चीवर ठेवली. कपाटातून पेपर काढला, सगळ्यांदेखत नववा प्रश्न मोठ्याने वाचला, फुली कुणी मारली आणि का झाकली तेही सांगितलं. म्लांबांनी ताट खाली ठेवलं. मग त्या पेपराच्या नकलेला आपली सही केलेली कबुली जोडून त्याने ती तुमच्या कार्यालयात पाठवली. वाकेशोला भौतिकशास्त्राच्या परीक्षेला बसू द्या, एवढंच मागितलं. स्वतःसाठी माफी मागितली नाही.

तीन महिने झाले, साहेब. पोर घरी बसून आहे. त्या आडव्या रेघेच्या जागी तुम्ही काय लिहिणार आहात? उत्तर द्या. आणि जुन्या कागदात बघून देऊ नका.