वापरली तर संपल

मी रंगपेटी बोलतेय. पत्र्याची, बारा रंगांची, आणि डोंबिवलीच्या त्या दुकानातली सगळ्यांत स्वस्त. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढे माझा शोकेसमधला थाट ऐकाल आणि उगाच मला कुणीतरी मोठी समजून बसाल.

कल्याणकडच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये मी तयार झाले. खडूची भुकटी, त्यात डिंक आणि चिमूटभर रंग, अशा माझ्या वड्या. रंग टाकणाऱ्या बायका गप्पांना बसल्या की ती चिमूटही लहान व्हायची. झाकणावर पोपट छापला, तोही असा की लाल चोच तोंड सोडून बाजूला पडली. सोबत जो ब्रश दिला त्याला ब्रश म्हणायचं ते केवळ दांडी होती म्हणून. तरी माझ्यात रंग होते. एखाद्या पोराच्या हाती लागते तर चार आठवड्यांत घासून संपले असते, आणि सुखाने संपले असते. आमचं आयुष्य तेवढंच असतं.

पण मला घेतलं काळुरामने. मानपाड्याचा जुना रहिवासी. त्याची भाताची खाचरं कारखान्यांच्या वसाहतीत गेली, हातात पैसा आला, बंगला उठला, आणि बंगल्यात रंगीत टीव्ही आला. त्याच वर्षी त्याची दहा वर्षांची हेमा शाळेतून आली आणि म्हणाली, "बाबा, बाईंनी माझं चित्र वर्गात लावलंय. मला रंग पायजेत." काळुराम खुलला. संध्याकाळीच तिला घेऊन स्टेशनजवळच्या दुकानात आला. दुकानदाराने माझ्यावरची धूळ फुंकली आणि मला असं पुढे केलं, जसं काही माझ्यासाठी गिऱ्हाइकांची रांगच लागली होती. खोटारडा मेला.

घरी जाताना हेमाने मला छातीशी धरलं होतं. "बाबा, आजच चित्र काढू?"

"आज नको. उद्या बघू," काळुराम म्हणाला. तो उद्या काही आला नाही.

त्याच्या हॉलमध्ये नवी शोकेस होती. काचेची दारं, त्यांना कुलूप, आणि किल्ली काळुरामच्या करदोऱ्याला. आत कोण होतं ते ऐका. प्लास्टिकची द्राक्षं. कधीही चहा न पाहिलेला कप-बश्यांचा सेट. प्लास्टिकच्या पिशवीत गुदमरणारी एक बाहुली. आणि सगळ्यांत वरच्या फळीवर, मानाने, फॉरेनच्या दारूची रिकामी बाटली. भरलेली कुणी प्यायली कोण जाणे. या मंडळींच्या मधोमध त्याने मला झाकण उघडून उभी केली आणि कुलूप लावलं.

"हात नाय लावाचा. खराब व्हईल," तो म्हणाला.

"पण बाबा, ती रंगवायला आहे ना?"

"वापरली तर संपल."

हेच त्याचं तत्त्वज्ञान. माणसं वस्तू आणतात वापरायला, आणि आणली की वापरायला घाबरतात. वर त्याला 'जपणं' म्हणतात. घरात पाहुणे आले की काळुराम त्यांना शोकेससमोर उभं करायचा आणि काचेवर बोट ठेवून सांगायचा, "आमच्या हेमाची हाय. तिला चित्राचा लय नाद." पाहुणेही एकेक. मान डोलवायचे, चहा ढोसायचे आणि निघायचे. पोरीने काढलेलं एखादं चित्र दाखव, असं एकालाही सुचलं नाही.

हेमा माझ्यासमोर फरशीवर बसायची. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर तिचं चाललेलं असायचं. पिवळ्यासाठी आईच्या डब्यातली हळद. निळ्यासाठी कपड्यांना घालायची नीळ. काळ्यासाठी कोळसा, तांबड्यासाठी विटेचा तुकडा पाण्यात उगाळून. मी काचेआडून बघायचे आणि नाक मुरडायचे. हळद म्हणे रंग! फोडणीत पडायची लायकी, आणि चालली चित्रात सूर्य व्हायला. पण ती सूर्य व्हायची, हे मी डोळ्यांनी बघत होते, आणि मी मात्र शुद्ध दुकानचा पिवळा असून काचेत पोपटासारखी बसले होते. त्याचा राग कुणावर काढायचा? मी हळदीवर काढला.

तिची आई शालू एकदा करवादली, "भाजीला तरी ऱ्हाऊ दे गं हलद." मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "द्या ना तिला ती पेटी. किती दिस मागते."

"देन. मोठी झाली की देन. आता नास करल," काळुराम म्हणाला आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

पोरगी मोठी झालीच. आधी ती काचेला नाक लावून माझे रंग मोजायची. मग नुसती येता-जाता बघायची. मग एक दिवस माझ्यासमोर उभी राहिली, मला वाटलं आज मागणार, तर तिने काचेत बघून वेणी घातली आणि गेली. त्यानंतर रोज वेणीच. फरशीवरचं कॅलेंडर केव्हा बंद झालं ते घरात कुणाच्या लक्षातही आलं नाही. मला ते लक्षात आलं, कारण मला दुसरा उद्योग नव्हता.

मग लग्न ठरलं. हळदीला मांडवात हळद अशी उधळली की माणसं ओळखू येईनात. एका चमच्यासाठी याच घरात पोरीला बोलणी बसली होती. आणि रुखवत मांडलं तेव्हा काळुरामने मला बाहेर काढलं. पहिल्यांदा. लाडू, करंज्या आणि मण्यांचा मोर यांच्यामध्ये मला ठेवलं आणि पुढे पुठ्ठ्यावर लिहून घेतलं, 'हेमाची कला'. लाजेने पत्रा वितळायचा तेवढा बाकी होता.

नवऱ्याकडची एक म्हातारी, आवडाबाई, वाकून बघायला लागली. "चित्रं कुठं हायत गं?"

"पेटी कोरी करकरीत हाय अजून," काळुराम अभिमानाने म्हणाला. "एक रंग हलला नाय."

हेमा नवरीच्या साडीत तिथेच उभी होती. तिने पुढे होऊन तो पुठ्ठा पालथा घातला.

सासरी ती वर्तकनगरला गेली. नवरा परशुराम कंपनीत, घर दोन खोल्यांचं, शोकेसला जागाच नाही. देवाची कृपा. मी कपाटावर गेले आणि तिथे गंज खात पडले. हेमाला मुलगी झाली, तिला सगळे बबडी म्हणतात. ती पाचेक वर्षांची झाली, आणि एका रविवारी खुर्चीवर चढून तिने मला खाली ओढलं. नेमका त्या दिवशी काळुराम नातीला बघायला आलेला.

"ए बाय, जपून," तो लगेच ओरडला. "खराब व्हईल."

हेमाने बापाकडे पाहिलं. स्वयंपाकघरातून चमचा आणला, दांडी माझ्या गंजलेल्या झाकणात घातली आणि जोर लावला. झाकण उघडलं. आत वड्यांना भेगा गेल्या होत्या, आणि पिवळ्याचा तर चुरा होऊन फरशीवर सांडला.

"नवीन होती गं," काळुराम पुटपुटला. "मंग तवाच मागाची ना हट्टानं."

"मागितली होती बाबा," हेमा म्हणाली. "वर्षभर मागत होते."

म्हातारा खाली बसून सांडलेला चुरा बोटांनी गोळा करू लागला. एवढ्या वर्षांत तो मला तेव्हाच काय तो बरा वाटला.

बबडीने ब्रश पाण्यात बुडवून निळ्यावर फिरवला. आणि मी, इतकी वर्षं सुकून पडलेली, त्या एका थेंबात ओली झाले. रंग सुटला. तिला सूर्यासाठी पिवळा हवा होता. हेमा उठली, डब्यातली हळद आणली आणि पिवळ्याच्या रिकाम्या खळग्यात दोन थेंब पाण्यात कालवली. बोटांना सवय होती, डोळे तिकडे नव्हतेच. मग तिने दुसरा ब्रश म्हणून काडीला कापूस गुंडाळला आणि कागद पुढे ओढला. बराच वेळ बसली. काडी कोरडी झाली तेव्हा ती तिने बबडीला देऊन टाकली.

"मला आता नाही जमत," ती म्हणाली. "तू काढ. संपव ती सगळी."

बबडी मला संपवतेच आहे. हिरवा गेला, तांबडा गेला, तळाचा पत्रा दिसतो. पिवळ्याच्या जागी अजून हळद आहे. माझ्या पेटीत, हळद! बसू दे बापडीला, तिने काम केलंय. तुमच्याही घरी माझ्यासारखी कुणी काचेत बसली असेल, तर आज तिचं कुलूप काढा. मला एक थेंब पाणी पुरलं, आणि मी होते तशी झाले. हेमाला नाही पुरलं.