पाठीचं माप

“हात सैल सोडा, मालक,” मी म्हणालो आणि त्यांच्या पाठीवरून टेप नेली. पाठ कसली, भिंतच! सत्तरीला आले तरी छाती पुढे, मान ताठ.

“तू मात्र पार वाकलास रे, कुबड्या,” आरशातून माझ्याकडे बघत ते हसले.

हे नाव मला त्यांनीच दिलं आणि कुबडही त्यांनीच. बत्तीस वर्षं त्यांच्या बुटक्या टेबलावर मी कापड कापतोय. मानेतून हाताला मुंग्या यायला लागल्या, तेव्हा डॉक्टर म्हणाले, टेबल वीतभर उंच करून घ्या. मालकांना विचारलं, तर म्हणाले, “ताठ उभा राहिलेला कारागीर उलट बोलतो!” सगळं दुकान हसलं. मीही हसलो, खाली बघून. त्याचं उट्टं काढायचं मी त्याच दिवशी ठरवलं होतं.

आता व्यापारी संघात मालकांचा सत्कार होता, म्हणून नवा कोट. अंगाने आम्ही दोघं सारखेच. छाती, कंबर, बाह्या मी त्यांच्या मापाने कापल्या आणि पाठ माझ्या मापाने. वाकलेल्या माणसाचा कोट मागून लांब, पुढून आखूड कापावा लागतो. ताठ माणसाने तो घातला की बटण ओढतं आणि खांदे पाडल्याशिवाय चैन पडत नाही. कोट मी ऐन सत्काराच्या दिवशी दिला. दुरुस्तीला वेळच उरायला नको!

सभागृहात मी शेवटच्या रांगेत बसलो. भाषणाला उभे राहीपर्यंत मालकांचे खांदे पडले होते. बटण ओढलं की ते आणखी वाकायचे. एरवी सगळ्यांवर डाफरणारा माणूस कागदात तोंड खुपसून पुटपुटत होता. मला किती गार वाटलं म्हणून सांगू!

दुसऱ्या दिवशी ते कोट हातात घेऊनच आले.

“काय केलंस रे? हा घातला आणि माझा धीरच सुटला. श्वास पुरेना, कोणाच्या डोळ्यांत बघवेना. मी असा नाही रे!”

“मीही नव्हतो, मालक.”

ते बराच वेळ माझ्या पाठीकडे बघत राहिले. मग कोट टेबलावर फेकून म्हणाले, “तूच घाल!” आणि निघून गेले.

दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मी तो घातला. कॉलर मानेवर अलगद बसली. बटण लागलं, कुठे ओढलं नाही. आरशात पुढून पाहिलं, वळून मागून पाहिलं. बत्तीस वर्षांत इतका बरोबर बसणारा कोट मी कोणाचाच कापला नव्हता.