ठळक अक्षरात

“तुमचीच वाट बघत होते हो डॉक्टर,” चारुलता आत आली तशा मंदाकिनीबाई म्हणाल्या. “सकाळपासून ही पोटरी नुसती ठणकतेय.”

गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दोन दिवस झाले होते. मुलाची बँकेतली बदली म्हणून बाई सांगलीहून जयपूरला आलेल्या. या हॉस्पिटलात मराठी बोलणारं कोणी भेटल्यावर त्यांना माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं होतं.

“सकाळी डॉक्टर कौशिक येऊन गेले ना? त्यांना नाही सांगितलंत?”

“त्यांना म्हटलं, सब ठीक है. हिंदीत पोटरीला काय म्हणतात कोण जाणे! म्हटलं, आपली डॉक्टरीण आहे, तिला सांगू.”

चारुलताने पांघरूण बाजूला केलं. पोटरी सुजली होती. हात लावला तर गरम.

“चोळली नाही ना कुणी?”

“सुनेला तेल आणायला सांगितलंय.”

“अजिबात चोळायचं नाही. आणि मावशी, मी तुमची डॉक्टर नाही. मी नर्स आहे.”

बाईंनी तिच्या छातीवरच्या बिल्ल्याकडे बोट केलं. ‘डॉ. चारुलता पोतनीस’ ठळक अक्षरात, आणि खाली मुंगीएवढं ‘नर्सिंग विभाग’. गेल्याच महिन्यात तिला नर्सिंगमधली पीएचडी मिळाली, तेव्हा हॉस्पिटलने कौतुकाने करून दिलेला. तिलाही तो आवडला होता. आता बाईंचं बोट तिकडे वळल्यावर तिने तो काढून खिशात टाकला.

तिने तिथूनच डॉक्टर कौशिकांना फोन लावला. ते धावत आले. सोनोग्राफी झाली. पोटरीच्या शिरेत रक्ताची गुठळी होती, पण ती जागची हलली नव्हती. इंजेक्शन सुरू झालं.

“वेळेवर कळलं,” कौशिक म्हणाले. किती तरी वेळाने चारुलताने मोकळा श्वास घेतला.

संध्याकाळी तिने जयपुरातच विद्याधर नगरला राहणाऱ्या बाबांना फोन केला. गजाननराव विमा कंपनीतून निवृत्त झालेले, लेकीच्या ‘डॉ.’चे पेढे त्यांनी अख्ख्या गल्लीत वाटले होते.

“इतकी वर्षं घासलीस, आणि आता बिल्ल्यावरचं डॉक्टर काढून टाकणार?”

“टाकत नाही, बाबा. कॉलेजात शिकवताना लावीन ना. पण वॉर्डात पेशंटला आधी कळायला हवं, समोर कोण उभं आहे ते.”



“मतलब... पीएचडी तरी राहील ना?”

“राहील. नावानंतर. नर्स मात्र ठळक.”

“हां. मग ठीक,” बाबा म्हणाले, आणि तिला एकदम हलकं वाटलं.

चार दिवसांनी नवा बिल्ला लावून ती वॉर्डात गेली, तेव्हा मंदाकिनीबाईंच्या शेजारच्या खाटेवर चाकसू गावाहून आलेली एक म्हातारी होती.

“ये डॉक्टरनी जी हैं?” तिने विचारलं.

“नहीं, नहीं,” मंदाकिनीबाई ठसक्यात म्हणाल्या, “नर्स है. बहुत शिकी हुई है.”

चारुलता हसली. मंदाकिनीबाईंचं पांघरूण तिने हळूच वर केलं. पोटरीची सूज पुष्कळ उतरली होती.