माझ्यातला 'वृषाली' नावाचा भाग

मी एक जुनी हार्ड डिस्क आहे, मित्रांनो. वारूळवाडीच्या रस्त्यावर कॉम्प्युटर दुरुस्तीचं एक लहानसं दुकान आहे. तिथल्या टेबलाच्या खणात, वायरींच्या गुंत्यात मी पडून असते. आता मला वीज दिली तर नुसती टकटक होते, दुसरं काही होत नाही. पण माझेही चांगले दिवस होते.

दुकानाचे मालक सुदर्शनदादा यांनी मला पुण्याहून आणलं, काळं कव्हर चढवलं आणि गळ्यातल्या पिशवीत घालून ते मला गावोगाव दुरुस्तीला नेऊ लागले. दुकानात त्यांच्या पत्नी वृषालीताई झेरॉक्स मशीन सांभाळायच्या. पुढे दादांच्या किडन्या बिघडल्या. डायलिसिससाठी त्यांना सारखं हॉस्पिटलात जावं लागे आणि गिऱ्हाइकं दारातून परत फिरत.

"तू करत जा ना माझ्यामागं," दादा एकदा म्हणाले.

"मी? ते इंग्रजीत काहीतरी विचारतं आणि मला घाम फुटतो," ताई म्हणाल्या.

"मग ते काही विचारणारच नाही असं करतो."

त्याचं असं आहे, मित्रांनो. बिघडलेला कॉम्प्युटर सगळा पुसून नवा करतात, तेव्हा प्रिंटर, मराठी टायपिंग, हिशेब यांची सॉफ्टवेअर पुन्हा एकेक करून चढवावी लागतात. ते चढवणाऱ्या फाइलला इन्स्टॉलर म्हणतात. प्रत्येक इन्स्टॉलर पायरीपायरीला प्रश्न विचारतो. दादांनी माझे दोन भाग केले. मोठ्या भागात गिऱ्हाइकांचे फोटो, फायली तात्पुरत्या ठेवायच्या आणि काम झालं की पुसायच्या. लहान भागात फक्त इन्स्टॉलर. तिथं काहीच पुसायचं नाही. त्या भागाला त्यांनी नाव दिलं, 'वृषाली'. मला कॉम्प्युटरला जोडायचं, एका हिरव्या चित्रावर क्लिक करायचं, की सगळे इन्स्टॉलर काही न विचारता एकामागून एक चालत.

पहिल्याच दिवशी ताईंनी घाबरून हॉस्पिटलात फोन केला. "अहो, बंद पडलं वाटतं. काहीच हलंना."

"चालू आहे गं. थांब जरा."

मग दादांनी पडद्यावर एक छोटी चौकट आणली. प्रत्येक इन्स्टॉलर चालू असताना तिच्यात त्यांनी लिहिलेली एक ओळ दिसे. 'घाबरू नकोस, चालू आहे.' 'हे जरा वेळ घेईल, तोवर पाणी पी.' 'पाय अवघडला असेल, उठून ये.' अशा कितीतरी.

टोमॅटोचे व्यापारी बाळासाहेब आपला कॉम्प्युटर घेऊन आले, तेव्हा ते वाचून मोठ्यानं हसले. "वैनी, ह्यो तर मला पानी पी म्हनतोय!"

"तुम्हाला नाही, मला म्हणतोय," ताई लाजून म्हणाल्या.

"लई भारी केलंय राव सुदर्शननं!"

ती शाबासकी ऐकून मला माझाच अभिमान वाटला होता.

त्या वर्षी दिवाळीनंतर दादा हॉस्पिटलातून परत आले नाहीत.

दिवसकार्य उरकल्यावर ताईंनी दुकानाचं शटर उघडलं. पहिले बाळासाहेबच आले. ताईंनी मला जोडलं, हिरव्या चित्रावर क्लिक केलं. चौकट उघडली. 'घाबरू नकोस, चालू आहे.' ताईंनी तोंडाला पदर लावला. बाळासाहेब बाहेर जाऊन उभे राहिले.

त्यानंतर मी खूप राबले. जुन्नरच्या कॉलेजात शिकणारी त्यांची मुलगी आरोही नवे इन्स्टॉलर माझ्यात घाले, पण बापाच्या ओळींना हात लावत नसे. कधी कधी गिऱ्हाईक नसतानाही ताई मला दुकानातल्या कॉम्प्युटरला जोडत आणि समोर नुसत्या बसून राहत.

मग माझ्यातून टकटक येऊ लागली.

"आई, डिस्क वाजतेय. हे सगळं दुसरीकडं कॉपी करून घेऊ," आरोही म्हणाली.

"रविवारी करू गं."

रविवारी गर्दी झाली. पुढच्या रविवारी लग्न निघालं. मी ऐकत होते, पण मला बोलता येत नव्हतं. आणि एका दुपारी, पडद्यावर ओळ अर्धी आलेली असताना, मी थांबले.

ताईंनी मला पुण्याला नेलं. तिथल्या डिस्क दुरुस्त करणाऱ्या माणसानं मला उघडून पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली. "इन्स्टॉलर काय, कुठूनही मिळतील ताई."

"इन्स्टॉलर नकोत मला," ताई म्हणाल्या.

मित्रांनो, तुमच्याही घरी कुणाचा आवाज, कुणाचं हसू, कुणाच्या हातचं चार शब्दांचं लिहिणं एखाद्या फोनात किंवा माझ्यासारख्या डिस्कमध्ये एकटंच पडलं असेल. आम्ही यंत्रं फार काळ टिकत नाही. ते आजच दुसऱ्या एका ठिकाणी ठेवा. माझ्याकडून एवढं ऐका.

आरोहीनं नवी डिस्क आणली आणि तिचेही दोन भाग केले. मायलेकी टेबलाशी बसल्या. मी खणात होते, सगळं ऐकू येत होतं. ताई आठवून आठवून ओळी सांगत, आरोही टाइप करी. काही आठवल्या. काहींचा एकच शब्द आठवला. पुष्कळशा आठवल्याच नाहीत.

"इथं रिकामं ठेवू का?" आरोहीनं विचारलं.

ताईंनी कीबोर्ड स्वतःकडे ओढला. एकेक अक्षर शोधत त्या टाइप करू लागल्या आणि करता करता हळू आवाजात वाचू लागल्या.

"अहो, आज गर्दी होती. जेवायला उशीर झाला."

पुढच्या रिकाम्या जागी त्यांनी लिहिलं, "अहो, आरोही पास झाली."