बुजवलेल्या फटी

बंदराचा जुना दगडी धक्का भरतीच्या वेळी धापा टाकायचा. लाट आदळली की दगडांच्या फटींतून फुस्स करून वारा सुटायचा आणि मागोमाग तुषार. पिढ्यान् पिढ्या लोक तो आवाज ऐकत होते आणि म्हातारा झाला, कण्हतो बिचारा, म्हणून हळहळत होते. अखेर एक जतन समिती नेमली गेली. समितीला धक्क्याचं सगळं काही जतन करायचं होतं, फक्त फटी सोडून.

काम गवंड्याकडे आलं. त्याची हयात घरं बांधण्यात गेलेली. भिंतीत फट राहिली तर गवंड्याची अब्रू गेली, हे त्याच्या हाडीमाशी खिळलेलं. त्याने माथ्यापासून पाण्याच्या रेषेपर्यंत एकूण एक फट सिमेंटने अशी बुजवली, की मुंगीनेसुद्धा परवानगी मागावी. धक्क्याच्या टोकावरची दिव्याची खोली त्याचा थोरला भाऊ सांभाळायचा. दादा येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगायचा, "आमच्या धाकट्याचं काम! हात लावून बघा." उभ्या जन्मात दादाने त्याला कधी शाबास म्हटलं नव्हतं. आता गवंड्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

धक्का गप्प झाला. वहिनी तेवढी कुरकुरली.

"भावजी, कुणी इतकं गप्प बसलं ना, की मला धास्तीच वाटते."

"मग दादा चालतो तुम्हाला. त्याचं तोंड कुठे बंद असतं?"

"म्हणून तर संसार टिकलाय," ती म्हणाली.

त्या दुपारी वारा फिरला आणि समुद्र चढू लागला. दादा टोकाला, दिव्यापाशी होता. आपलं काम कसं तग धरतंय ते पाहायला गवंडी धक्क्यावर थोडा पुढे गेला. पायाखाली काहीतरी धडकलं. लाट बाहेर आणि ठोका आत. एका जागी सिमेंटचा टवका उडाला होता आणि त्या बोटभर भोकातून पाणी त्याच्या डोक्याच्याही वर उडत होतं. त्याने त्यावर तळवा दाबला. पाण्याने तो झिडकारला.

तेव्हा त्याला उमगलं. लाट पाण्याखालच्या फटींतून आत शिरत होती आणि बाहेर पडायच्या वाटा त्याने स्वतःच्या हाताने लिंपल्या होत्या. जुन्या लोकांनी त्या मुद्दाम ठेवल्या होत्या. कोंडलेलं पाणी आता दगड उचलूनच बाहेर येणार होतं.

त्याने तिथूनच दादाला फोन लावला. वहिनी मागे येऊन उभी राहिली होती.

"दादा, हवा बिघडतेय. आत्ताच्या आत्ता निघ."

"बिघडू दे की! होड्या बाहेर आहेत, दिवा सोडून येऊ कसा? आणि खाली तुझं काम आहे. मला कसली भीती?"

माझं काम चुकलंय, एवढंच म्हणायचं होतं. शब्द ओठांवर आलेही. पण वहिनी ऐकत होती आणि दादाच्या आवाजात ते कौतुक होतं. गुपचूप चार सांधे फोडू, वाट मोकळी होईल, कुणाला पत्ताही लागणार नाही, असं त्याने मनाशी ठरवलं. "बरं," म्हणून त्याने फोन ठेवला.

वहिनीला किनाऱ्यावर पिटाळून त्याने शेडमधून पहार आणली आणि घाव घालू लागला. सिमेंट हलेना. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने स्वतःच्या चोख कामाला शिव्या घातल्या. शेवटी एक सांधा फुटला, फुस्स झालं आणि त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. तेवढ्यात पुढे, धक्क्याच्या मधोमध, माथ्याचे दगड एकदम वर उचलले गेले. फेस ओसरला तेव्हा तिथे नुसता समुद्र होता.

टोकाचा भाग दिव्याच्या खोलीसकट पलीकडे एकटा उभा होता. त्याच्या पोटातूनही तेच ठोके ऐकू येत होते. अशा समुद्रात एकही होडी तिथवर पोचली नसती.

फोन वाजला. "अरे, मधलं गेलं की रे," दादा म्हणाला. "हे टिकेल ना? खरं सांग."

वहिनी किनाऱ्यावरून धावत येत होती. खरं सांगायची वेळ टळून गेली होती. आता ते ऐकून दादा जाणार तरी कुठे होता?

"टिकेल, दादा," गवंडी म्हणाला. "मी बांधलंय ना." आणि फोन त्याने वहिनीच्या हातात दिला.