ताराचंदजींनी माईक घेतला

"आन तो माईक इकडं," ताराचंदजी म्हणाले, आणि कॉमेंट्री करणाऱ्या नत्थूजींच्या हातातून त्यांनी तो ओढूनच घेतला.

मॅच नुकतीच संपली होती. गिरणीच्या फुटबॉल टीमनं पाच गोल खाल्ले होते, आणि ही काही पहिली हार नव्हती. चौऱ्याहत्तर सालच्या त्या मोसमात टीमला विजय असा माहीतच नव्हता. मैदानावरचं पब्लिक शेवटी शेवटी खेळाडूंना सोडून टीमच्या मॅनेजरच्या मागं लागलं होतं. मॅनेजर बदला, मॅनेजरलाच गोलात उभा करा, असं बरंच काही. मॅनेजर म्हणजे ताराचंदजीच, एरवी गिरणीच्या विणाई खात्यात जॉबर, म्हणजे मुकादम. मागांच्या खडखडाटावर आवाज चढवून माणसं हाकण्यात हयात गेलेली. ऐकवायची सवय होती, ऐकून घ्यायची नव्हती.

माईक हातात येताच त्यांनी एकेकाला घेतलं. सेंटर फॉरवर्डला बॉलपेक्षा पोट सांभाळणं जड जातं. कॅप्टन बापूजीला आपली बॅकलाईन कुठे उभी आहे ते शेजाऱ्याला विचारावं लागतं. लोक खिदळायला लागले. मघापर्यंत आपल्यावर हसणारे लोक आता पोरांवर हसताहेत, हे पाहून ताराचंदजींच्या जिवात जीव आला. त्याच भरात त्यांची जीभ सुटली.

"अन् हा आपला गोलकीपर रविंद्र," ते म्हणाले. "याच्यासमोरून बॉल जाऊन राहिला अन् हा पाहून राहिला. टीमसाठी म्हणून या पोट्ट्याले गिरणीनं बदलीवर कामाले घेतलं. आता ठेवायचा का हाकलायचा, ते साहेबानंच सांगावं."

साहेब म्हणजे गिरणीचे लेबर ऑफिसर देवस्थळे. ते पुढच्या रांगेत खुर्चीवर बसले होते. ते हसले नाहीत, पण त्यांनी मान डोलावली.

मैदानाकडेच्या कडुनिंबाला लाउडस्पीकरचे दोन भोंगे बांधलेले असत. एकाचं तोंड मैदानाकडं आणि दुसऱ्याचं वस्तीकडं, कारण घरी राहिलेल्या बायकांनाही कॉमेंट्री हवी असे. त्यामुळे रविंद्रच्या आईनं, बायजाबाईनं, दारात तांदूळ निवडता निवडता हे सगळं शब्दन् शब्द ऐकलं. ताराचंदजींच्या बायकोनं, प्रेमिलाबाईंनीही, ऐकलं.

रात्री प्रेमिलाबाईंनी ताट वाढलं आणि त्या भिंतीला टेकून बसल्या. ताराचंदजींनी आपण होऊनच बाजू मांडायला सुरुवात केली. आपल्या उस्तादानं आपल्याला भर मैदानात चप्पल दाखवली होती, म्हणून तर आपण सुधारलो. पोरांना चारचौघांत लाज वाटल्याशिवाय पाय हलत नाहीत. आजकालच्या पोट्ट्यांना गोंजारलं की डोक्यावर बसतात. प्रेमिलाबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"साऱ्याइचं नाव आलं भोंग्यावर," त्या म्हणाल्या. "तुमचं तेवढं नाई आलं."

ताराचंदजींनी अर्धं ताट बाजूला सरकवलं.

बदली कामगाराला नोकरी अशी नसते. रोज सकाळी गिरणीच्या फाटकाशी उभं राहायचं. कोणी गैरहजर असला आणि साहेबांनी आपलं नाव पुकारलं, तर आत, नाही तर आल्या वाटेनं घरी. टीममधल्या पोरांची नावं आधी पुकारायची असा रिवाज होता. सोमवारी देवस्थळे साहेबांनी सगळ्या पोरांची नावं घेतली, एक रविंद्रचं सोडून. मंगळवारी तेच. बुधवारीही रविंद्र सगळ्यांत शेवटपर्यंत उभा राहिला आणि फाटक लागल्यावर परत गेला.

बापूजी दुपारच्या सुट्टीत तडक विणाई खात्यात आला. वयानं लहान, पण त्या दिवशी त्यानं काका म्हटलं नाही.

"मले काय म्हणायचं ते म्हणा, जॉबर," तो म्हणाला. "मी परमनंट हाओ. त्याच्या घरात तो एकटा कमावून राहिला. तुमाले ओरडायचंच होतं तं आमाले खोलीत कोंडून ओरडायचं न."

"हारल्यावर खोलीत बसून कोन ऐकते?"

"मंग आता भोगा," बापूजी म्हणाला आणि निघून गेला.

ताराचंदजींना राग आला. पण त्या रागाला टेकायला जागा मिळेना. कारण एक गोष्ट त्यांना ठाऊक होती आणि ती त्यांनी प्रेमिलाबाईंनाही सांगितली नव्हती. मन खायला लागलं तेव्हा संध्याकाळी ते रविंद्रच्या घरी गेले. बायजाबाईनं त्यांना पाहिलं आणि पदर सावरून ती आत गेली. बसा म्हणाली नाही. रविंद्र दारात आला. त्याचा उजवा अंगठा हळद लावून बांधलेला होता.

ताराचंदजींनी बरीच मखलाशी केली. रागाच्या भरात माणूस बोलून जातो, मोठ्या माणसाचं मनावर घ्यायचं नसतं, आपण साहेबांशी बोलू. रविंद्र चौकटीला हात लावून तसाच उभा होता.

"अंगठा सुजला म्हणून तुमाले मॅचच्या आधी दाखवला होता का नाई?" त्यानं विचारलं.

"दाखवला होता."

"तुमी काय म्हनलं?"

फडकं बांध आणि उभा राहा, असं ताराचंदजी म्हणाले होते.

"मंग हे भोंग्यावर काहून नाई सांगितलं?" रविंद्र म्हणाला. "जोडे माराले सारा गाव जमवला, अन् माफी मागाले अंधारात घरी येऊन राहिले. नोका येत जाऊ."

त्यानं दार लावून घेतलं. शेजारच्या ओट्यावरच्या बायकांनी बोलणं थांबवलं होतं, ते ताराचंदजी गल्ली ओलांडेपर्यंत पुन्हा सुरू झालं नाही.

दुसऱ्या दिवशी ते देवस्थळे साहेबांच्या केबिनमध्ये गेले. साहेब गोड बोलले. म्हणाले, तूच जाहीर सांगितलंस, मी तुझा मान राखला. आता मीच शब्द फिरवला तर लोक मला काय म्हणतील? कामठीचा एक चांगला गोलकीपर आहे, तो आणू. तू टीम सांभाळ, बाकीचं माझ्यावर सोड.

टीम सांभाळायची म्हणजे तोंड मिटायचं, हे ताराचंदजींना कळलं. आयुष्यात त्यांना मान असा एवढाच मिळाला होता. गिरणीत जॉबर पुष्कळ होते, मॅनेजर एक होता. तो मान सोडवेना म्हणून ते आणखी एक दिवस गप्प बसले, आणि त्या दिवशीही रविंद्र फाटकावरून परत गेला.

शनिवारी सकाळी मात्र ताराचंदजी आत गेले नाहीत. बदलीवाल्यांच्या घोळक्यासमोर, साहेबांच्या टेबलाशेजारी उभे राहिले. आवाज तोच मागांवरचा, पण कुठंतरी चिरकत होता.

"रविंद्रचा अंगठा आधीच सुजला होता," ते म्हणाले. "त्यानं मले सांगितलं होतं. मीच त्याले जबरदस्तीनं उभा केला. लोक माह्यावर थुंकून राहिले होते, म्हणून मी त्याले पुढं केलं. तो हारला नाई. मी हारलो."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मागून एकजण म्हणाला, "माईक आनू का, काका?" आणि पाच-सात जण हसले. बापूजीनं तोंड फिरवलं. देवस्थळे साहेब लालबुंद झाले होते, पण शे-दीडशे माणसांसमोर आता दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. त्यांनी पहिलंच नाव रविंद्रचं पुकारलं. रविंद्र ताराचंदजींच्या खांद्याजवळून आत गेला, त्यांच्याकडं न बघता.

साहेबांनी ताराचंदजींना नंतर बोलावलं आणि केबिनचं दार लावून सुनावलं. मला चारचौघांत गाढवात काढलंस, म्हणाले. टीम त्यांनी स्टोअरकीपरकडं दिली.

पुढच्या रविवारी काटोलची टीम आली होती. जाऊ नये असं ठरवूनही ताराचंदजी मैदानावर गेले आणि गिरणीच्या गोलामागं, लोकांत, मातीत बसले. रविंद्रनं दोन गोल खाल्ले. लोक त्याच्या आईवरून बोलत होते. ताराचंदजींना उठून एकेकाचं थोबाड रंगवावंसं वाटलं. पण हे बोलायला यांना शिकवलं कोणी, हा प्रश्न आला आणि ते बसून राहिले.

एक फटका गोलावरून गेला. बॉल उसळत आला आणि नेमका ताराचंदजींपाशी थांबला. ते बॉल घेऊन उठले. रविंद्र धावत आला आणि हातभर अंतरावर उभा राहिला. ताराचंदजींनी बॉल पुढं केला.

रविंद्रनं हात पुढं केले नाहीत. नुसता उभा राहिला. रेफ्री शिटी वाजवत होता, लोक ओरडत होते.

ताराचंदजी वाकले आणि त्यांनी बॉल मातीवर ठेवला. मग रविंद्रनं तो उचलला आणि पळत आपल्या जागेवर गेला.